बर्फाचं आवर्तन

त्या हिवाळ्यापर्यंत ओलोसवारात बर्फ मंगळवारी आणि शुक्रवारी पडायचा. सोमवारी पडत नसे, कारण सोमवारी पर्यटकांची विमानं उतरत. रविवारी पडत नसे, कारण रविवारी मला सुट्टी असे. पूर्वी इथे बर्फ त्याच्या मनाला येईल तेव्हा पडायचा असं गावातले म्हातारे सांगतात, पण म्हातारे बऱ्याच गोष्टींबद्दल तसं सांगतात.

ओलोसवारा हे फिनलंडच्या पार उत्तरेचं गाव. बर्फावर घसरण्यासाठी जगभरातून लोक इथे येतात आणि घसरतात. मी, प्रणित दरंदले, मूळ मुक्काम तालुका नेवासा, इथल्या नगरपालिकेच्या हिमवाटप कचेरीत चालक होतो. माझ्या ताब्यात ड्रोनचा एक ताफा, एक कॉफीचं यंत्र आणि समोरच्या टेबलावर पिर्क्को नावाच्या साहेब. पिर्क्को आठवड्याला साधारण चार वाक्यं बोलायची. त्यातली दोन कॉफीच्या यंत्राला उद्देशून असत.

विज्ञान थोडक्यात सांगतो. पाणी शून्य अंशाला गोठतं हे शाळेत शिकवतात ते अर्धंच खरं आहे. ढगातला थेंब फार स्वच्छ असतो आणि त्याला गोठायला कशाचा तरी आधार लागतो. धुळीचा कण चालतो, परागकण चालतो. आधार मिळाला नाही तर तो उणे दहा अंशालासुद्धा पाणी म्हणूनच तरंगत राहतो, पंगतीत पहिला घास कोण घेतो याची वाट बघत सगळे बसून राहतात तसा. झाडांच्या पानांवर राहणाऱ्या काही जिवाणूंच्या अंगावर एक प्रथिन असतं. त्याची घडणच अशी, की पाण्याचे रेणू त्यावर बर्फाच्या रांगेत येऊन बसतात. ते ढगात सोडलं की उणे तीन-चारलाच पहिला थेंब गोठतो, मग शेजारचा, मग सगळी पंगत तुटून पडते. हे प्रथिन जुनंच. नवीन एवढंच झालं होतं, की ते आता दुधाच्या टाक्यांसारख्या टाक्यांत जिवाणूंशिवाय बनायला लागलं, आणि ढगाच्या पोटात वारा कुठे वळणार याचा अंदाज संगणक दर मिनिटाला देऊ लागला. त्यामुळे बर्फ नुसता पाडता येत नव्हता, कुठे पाडायचा तेही ठरवता येत होतं.

गरज होतीच. हिवाळे कोमट झाले होते. डिसेंबरात पाऊस पडायचा आणि पर्यटक छत्री घेऊन घसरायचे. आम्ही आल्यावर सगळं सुरळीत झालं. लग्नासाठी मोठ्या पाकळ्यांचा संथ बर्फ. अंत्यविधीसाठी बारीक आणि तिरपा, वाऱ्यासकट. एका पर्यटकाने तक्रार केली होती की बर्फ आधी शेजारच्या टेबलावर पडला. आम्ही त्याची माफी मागून त्याच्या टेबलावर वेगळा पाडला.

अश्लेषा दुधाटे मला एका मंगळवारी भेटली. कचेरीबाहेर एक गाडी चरात गेली होती, आणि गाडीशेजारी गुडघाभर बर्फात एक बाई उभी राहून आकाशाकडे बघत स्वच्छ मराठीत विचारत होती, "कोण्या गाढवानं पाडलाय एवढा?"

"मी," मी म्हणालो.

तिने मला खालून वर पाहिलं. "गाव?"

"नेवासा."

"म्हणजे वरचे," ती म्हणाली. "तरीच."

ती परभणीची. तिथेच जनावरांची डॉक्टर झाली आणि पूर्वेला ऐंशी किलोमीटरवर नेलियार्वी नावाच्या गावात रेनडिअरच्या कळपाची वैद्य म्हणून आली होती. आमच्या धरणांतलं पाणी खाली मराठवाड्याला सोडायचं की नाही यावर दर वर्षी दिवाळीनंतर जे काही होतं, ते तिने खालच्या बाजूने पाहिलं होतं आणि मी वरच्या. त्यामुळे आमची ओळख व्हायला वेळ लागला नाही. भांडण तयारच होतं.

आम्ही मराठी मंडळ काढलं. सभासद दोन. मी अध्यक्ष आणि ती विरोधी गट. दर रविवारी मी ऐंशी किलोमीटर गाडी हाकत जायचो, ती ज्वारीच्या पिठाची भाकरी थापायची, मी इथल्या दह्याचं श्रीखंड न्यायचो, आणि आम्ही मंडळाच्या घटनेवर वाद घालायचो. निघताना ती दारात उभी राहून म्हणायची, "हळू जा. रस्त्यात कोणी गाढव बर्फ पाडायला नसेल, पण तरी." मी गाडीत बसायचो. सांगायचं होतं ते पुढच्या रविवारच्या विषयपत्रिकेवर ढकलायचो. असे दोन हिवाळे गेले. विषयपत्रिका लांबत गेली.

तिसऱ्या हिवाळ्यात, जानेवारीच्या सुरुवातीला, ती न कळवता कचेरीत आली. हातात लशी ठेवायची थंड पेटी. पेटी उघडून तिने माझ्या टेबलावर काचेचा एक तुकडा ठेवला. जवळून बघितल्यावर कळलं की ती काच नव्हती. बोटभर जाडीचा, आरपार दिसणारा बर्फाचा पापुद्रा होता.

"हे काय?"

"तुझा मंगळवार."

"मंगळवारी तर आमच्याकडे पडला."

"हाव. तुमच्याकडं पडला, मग ढग पुढं आमच्याकडं आला. हात हलवत आला आणि पाणी शिंपडून गेला." तिने पापुद्र्यावर नख आपटलं. टक्क असा आवाज झाला. "यावर जनावराचा खूर चालव बरं."

मला ते समजायला संगणक लागला नाही, हेच वाईट. ढगाचा माथा उंच आणि थंड असतो, तिथे बर्फ आपसूक धरतो. तो आम्ही ओलोसवारावरच झाडून घेत होतो. पुढे जायचा तो ढगाचा नुसता तळ. बुटका, कोमट, आधाराचे कण संपलेला. त्यातून बर्फ पडत नाही, शून्याखालच्या पाण्याची बारीक रिमझिम पडते, आणि ती जमिनीला टेकल्या टेकल्या काच होते. रेनडिअर हिवाळाभर बर्फ खणून खालचं दगडफूल खातं, म्हणजे आपल्या गोड्या मसाल्यातल्या दगडफुलाचं चुलत भावंड. मऊ बर्फ खुराने खणता येतो. काच खणता येत नाही. खालून अन्नाचा वास येत राहतो आणि वर खूर घसरत राहतो.

"किती जनावरं गेली?"

"विचारू नको." ती खुर्चीत बसली. तिच्या कोटावर आणि बाह्यांवर रेनडिअरचे केस होते. "आमचा कळपवाला यौनी म्हणायलाय, हा हिवाळा असाच गेला तर कळप विकायचा. मांसाच्या कारखान्याला. कळप नाही तर डॉक्टर कशाला? माझा इथं राहायचा परवाना त्या कळपावर आहे, दरंदले. मार्चात मी परभणीला."

"परभणीला काय करणार?"

"कोंबड्या," ती म्हणाली.

पापुद्रा खोलीच्या उबेत विरघळत होता आणि पिर्क्कोच्या कागदांकडे निघाला होता. मला म्हणायचं होतं, जाऊ नकोस. मी म्हणालो, "पुसायला फडकं आणतो."

ती गेल्यावर मी पिर्क्कोला विचारलं, की आपण पाडतो त्या बर्फामुळे खालच्या गावाचं जे होतं त्याचं काय. पिर्क्कोने भिंतीकडे पाहिलं. मग ती म्हणाली, "खालचं गाव आपल्या नकाशात नाही." ते खरं होतं. भिंतीवरच्या पडद्यावर आमचा नकाशा गावापुढे थोडा जाऊन संपायचा. त्यापुढे नगरपालिकेचं बोधचिन्ह होतं, एक हसणारा हिमकण.

आमचे आण्णा, म्हणजे वडील, पाटबंधारे खात्यात पाटकरी होते. कालव्याच्या चाऱ्यांची दारं उघडायची, बंद करायची, ज्याची पाळी त्याला पाणी द्यायचं आणि वरच्या-खालच्या दोघांच्या शिव्या खायच्या, ही नोकरी. निवृत्त झाल्यापासून त्यांना माझ्या कामात फार रस होता.

"बर्फ कसा सोडता रं तुम्ही?" ते फोनवर विचारायचे. "गेटनं का सायफननं?"

"आण्णा, ढगातून सोडतो."

"म्हंजी गेटनं."

त्या दिवशी मी त्यांना सगळं सांगितलं. म्हणजे अश्लेषा सोडून सगळं.

"टेलला आधी द्यायचं," आण्णा म्हणाले. टेल म्हणजे कालव्याचं शेवटचं टोक. "वरच्याला आधी दिलं तर त्यो भरला तरी सोडत नाय. टेलचं भरलं का मग एकेक दार वर येत यायचं. वरच्याच्या तर दारातूनच पाणी जातं, त्यो काय मरत नाय. आन्‌ चारीत बर्फ साचला तर जेसीबी लावा."

"इथे चारी नाही, आण्णा."

"मंग खांदून घ्या."

आमच्या भागात कालव्याचं पाणी चोरून वळवण्याला पाट फोडणं म्हणतात. त्याला कुदळ लागते, दोन भाऊ लागतात, आणि नंतर वकील. इथे एक कळ न दाबणं पुरेसं होतं. पुढच्या मंगळवारी दुपारी, म्हणजे त्या दिवसांत अंधारातच, अटलांटिकवरून एक चांगला जाड ढग आला. तो ओलोसवारावर येईपर्यंत मी कॉफी पीत बसलो आणि जाईपर्यंतही पीत बसलो. मग ड्रोन त्याच्यामागे पाठवले, आणि नेलियार्वीच्या कुरणांवर पंगत बसवली.

संध्याकाळी तिचा निरोप आला, आवाजाचा. बोलणं नव्हतं. आधी वारा, मग खर्र खर्र, खर्र खर्र, शेकडो खुरांचं खणणं. शेवटी तिचा आवाज, "ऐकलास?" मी तो निरोप पुन्हा लावला. मग पुन्हा.

इथवर ठीक होतं. पण मी वरचा माणूस. कालव्याच्या तोंडाशी वाढलेल्या माणसाला एकच गोष्ट पक्की ठाऊक असते, की टेलला पाणी कधीच पुरत नाही. मी शुक्रवारचा ढग सोडला. पुढचा मंगळवार सोडला, त्याचा शुक्रवारही. एक रविवारचा ढग तर सुट्टीच्या दिवशी येऊन सोडला. संगणक बर्फाच्या खोलीचे आकडे दाखवत होता आणि मी ते पाहुण्याच्या ताटाकडे बघावं तसे बघत होतो. नको म्हणतात सगळेच. आपण वाढायचं.

"दरंदले, बास," अश्लेषाचा फोन आला.

"आवडला नाही?"

"माझं दार उघडत नाही. खिडकीत उभी राहून बोलायले." ती दमलेली होती. "छातीइतक्या बर्फात उभाय कळप. खणायला मान घातली की बुडायलाय. खाली दगडफूल कुठं आहे याचा वासच वर येईना त्यांना."

"मला वाटलं..."

"तुम्ही वरचे लोक. द्यायचं नाही तर थेंब नाही, आणि द्यायला बसले की गाव बुडवून." मग खिडकी लावल्याचा आवाज. "कशासाठी करायलास हे, एवढं?"

हा प्रश्न मंडळाच्या विषयपत्रिकेवर दोन वर्षं होता. मी म्हणालो, "अंदाज चुकला."

"हं," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

इकडे ओलोसवारात एका लग्नात बर्फच पडला नाही. हॉटेलवाल्यांनी बारमधला बर्फ किसून नवरा-नवरीवर उडवला. एक तुकडा नवऱ्याच्या डोळ्यावर लागला. महापौरांना सगळं कळलं. नेलियार्वीनेही कळवलं, की हा प्रकार असाच चालणार असेल तर कोर्टात जाऊन ढगात काहीही सोडणंच बंद पाडू. ते बंद पडलं असतं तर वरती पाऊस आणि छत्र्या परत आल्या असत्या. खालीही काही बरं झालं नसतं, कारण तिथल्या ढगालाही आता आधाराची सवय लागली होती. त्यामुळे मला काढून टाकायच्या आधी एक बैठक घ्यायची ठरली.

बैठक दोन्ही गावांच्या बरोब्बर मध्यावर असलेल्या पेट्रोल पंपावरच्या उपाहारगृहात झाली, कारण एकमेकांच्या गावात जायला कोणी तयार नव्हतं. एका बाजूला महापौर, पिर्क्को आणि हॉटेलवाले. दुसऱ्या बाजूला नेलियार्वीच्या कळपाचा मुख्य यौनी, त्याचे लोक आणि कळपाची वैद्य म्हणून अश्लेषा. मी मध्ये, सॉसच्या बाटल्यांच्या रांगेत. फिनिश माणसं भांडतात तेव्हा गप्प बसतात. त्या दिवशी फार मोठं भांडण झालं.

शेवटी यौनी माझ्याकडे वळला. साठीचा, जाड भुवयांचा माणूस. "तू ज्या देशातून आलास तिथे पाणी कसं वाटतात?"

मला असं कोणी कधी विचारलं नव्हतं. मी सुरू झालो. आवर्तन म्हणजे काय ते सांगितलं. एका ढगाला एक पाळी, पाळी ठरलेली, चुकवायची नाही. आधी टेल, मग वर येत यायचं. टेललाही मोजून द्यायचं, गुडघ्याच्या वर नाही. महापौर लिहून घेत होते. यौनी मान हलवत होता. म्हणजे एकदा हलवली. मला स्फुरण चढलं. सॉसच्या बाटल्या मांडून मी कालवा दाखवला, चाऱ्या दाखवल्या, आणि ओघात सांगून गेलो, की आमच्याकडे लोक पाटकऱ्यावर विश्वास का ठेवतात, तर ज्या चारीवर त्याची सोयरीक असते तिथे त्याला नेमत नाहीत. माझ्या आईचं माहेर आण्णांच्या चारीवर निघालं, तेव्हा लोकांनी अर्ज करून त्यांची बदली पार वरच्या मुख्य कालव्यावर करवली. नोकरीभर ते बाजाराच्या दिवशी घरी यायचे. चारीवर कोणी त्यांच्याकडे बोट दाखवलं नाही.

"हे चांगलं आहे," पिर्क्को म्हणाली. त्या आठवड्यातलं तिचं ते पहिलंच वाक्य होतं, त्यामुळे त्याला वजन होतं.

मग प्रश्न आला, की दार कोणाच्या हातात द्यायचं. नुसत्या संगणकावर सोपवलं तर तो जास्त पैसे मोजेल त्याच्या डोक्यावर बर्फ टाकतो, हे दोन्ही गावांनी इतरत्र पाहिलेलं होतं. वरचा माणूस खालच्यांना नको होता आणि खालचा वरच्यांना. सगळे हळूहळू माझ्याकडे बघायला लागले. दोन्ही गावं माझ्यावर सारखीच चिडलेली होती. असा माणूस शोधून सापडत नाही. करार तीन हिवाळ्यांचा करायचं ठरलं.

"फक्त ते सोयरिकीचं," महापौर कागद बघत म्हणाले. "ओलोसवारात तुझं कोणी आहे?"

"नाही," मी म्हणालो. कॉफीचं यंत्र मी हिशेबात धरलं नाही.

यौनीने भुवया उचलल्या. "आणि नेलियार्वीत?"

मी कधी नव्हे ते उत्तर द्यायच्या आधी विचार करायला लागलो. आहे म्हणावं, तर नोकरी जाणार, करार मोडणार, कळप कारखान्यात आणि ती परभणीला. नाही म्हणावं, तर ती समोर बसली होती. शिवाय 'आहे' म्हणण्यात आणखी एक अडचण होती. तसं काही आहे हे मी अजून तिलाच विचारलेलं नव्हतं.

"नाही," अश्लेषा म्हणाली.

सगळे तिच्याकडे वळले.

"हा रविवारी यायचा, ते मंडळाच्या कामासाठी," ती फिनिशमध्ये, एकेक शब्द नीट ठेवत म्हणाली. "मंडळ आजपासून बरखास्त. आमच्या गावात याचं कोणी नाही."

महापौरांनी लिहून घेतलं. यौनीने तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग सॉसच्या बाटलीकडे, आणि सही केली.

बाहेर पंपाजवळ ती गाडीच्या काचेवरचा बर्फ खरवडत होती. मी जाऊन उभा राहिलो. पिर्क्को पाच पावलांवर उभी होती, कारण करार लागू झाला होता.

"सोयरिकीचं कामून सांगितलंस त्यांना?" अश्लेषाने न वळता विचारलं.

"ओघात."

"ओघात." तिने काच खरवडली. "एवढा शहाणा माणूस मी परभणीतसुद्धा नाही बघितला."

"अध्यक्षांना न विचारता मंडळ बरखास्त करता येत नाही."

"येतंय. घटनेत आहे. तू वाचलीच नाहीस कधी." खरवडणं थांबलं. "दरंदले, आपलं काही होतं का?"

"ते विषयपत्रिकेवर होतं."

"कितव्या क्रमांकावर?"

"पहिल्या. प्रत्येक वेळी पुढे ढकललं."

ती हसली नाही. तिने हातमोजा काढला, माझ्या टोपीवरचा बर्फ झटकला, हातमोजा घातला आणि गाडीत बसली. गाडी पूर्वेला गेली. पिर्क्कोने मला गाडीत घेतलं आणि पश्चिमेला नेलं. वाटेत तिने हीटर माझ्या बाजूला वळवला.

करारानुसार फोन, निरोप, भेट, श्रीखंड, सगळं बंद झालं. मी ढग वाटायला लागलो. आधी टेल. नेलियार्वीच्या कुरणांवर मऊ, कोरडा, गुडघ्याखालचा बर्फ, मग ड्रोन वळवून ओलोसवारावर त्याच ढगाची मागची शेपटी, तीही माथा पुरता न झाडता. वर थोडा कमी पडायचा, पण पर्यटक घसरायचे तेवढेच घसरत होते. फेब्रुवारीत कळप विकायचा विषय नेलियार्वीच्या बैठकीतून निघून गेला. मार्चात ती परभणीला गेली नाही. हे मला पिर्क्कोने वर्तमानपत्र माझ्या टेबलावर विसरून कळवलं. पिर्क्को काहीही विसरत नाही.

मी आण्णांना फोन केला. "आण्णा, बदली झाल्यावर तुम्ही कसे राहिलात तिकडं, इतकी वर्षं?"

आण्णांनी खाकरलं. मागे आईचा कुकर वाजत होता. "ऱ्हायाचं काय त्यात," ते म्हणाले. "पाणी सोडीत ऱ्हायलो. त्या पाण्यात तुझ्या आईचं गाव भिजायचंच की."

पुढच्या हिवाळ्यापासून एक नवीन कलम आलं. दोन्ही गावांचा विश्वास बसावा म्हणून रोजचा हिम-अहवाल स्थानिक रेडिओवर सगळ्यांसमोर द्यायचा. बर्फ मोजणाऱ्याने खालून, रेडिओ केंद्राने जोडलेल्या फोनवर सांगायचं आणि दार धरणाऱ्याने वरून ऐकायचं, ठरलेल्या फिनिश वाक्यांत, जास्तीचा शब्द नाही. नेलियार्वीत बर्फाची नस कळणारं माणूस एकच होतं.

"खोली, चाळीस सेंटिमीटर," रेडिओवर अश्लेषाचा आवाज यायचा. "थर मऊ. कळप खणतो आहे."

"नोंद घेतली," मी म्हणायचो.

यापुढे अहवाल संपायचा. फोन कोणी आधी ठेवायचा हे मात्र करारात नव्हतं. आम्ही दोघंही ठेवत नसू. रेडिओवर नुसती शांतता जायची. तिच्या बाजूला वारा, माझ्या बाजूला कॉफीचं यंत्र. पहिल्या महिन्यात ही शांतता जराशी होती. नाताळपर्यंत ती इतकी वाढली, की त्यानंतरचा मासळीबाजाराचा कार्यक्रम उशिरा सुरू व्हायला लागला. श्रोत्यांची पत्रं आली. काहींनी मासळीबद्दल तक्रार केली. बऱ्याच जणांनी लिहिलं, की शांतता चांगली आहे, ती थोडी वाढवता येईल का.

दोन्ही गावांची संयुक्त समिती बसली. शांततेचा हिमवाटपाला उपयोग काय, असं महापौरांनी विचारलं. यौनी म्हणाला, उपयोग नसेल तर त्या जागी एक प्रश्न घाला. कोणता, यावर तीन बैठका झाल्या. 'निरीक्षक बरी आहे का' हा खाजगी म्हणून फेटाळला. 'निरीक्षक जेवली का' हा सोयरिकीचा ठरला. शेवटी यौनीने असा एक प्रश्न काढला जो हवामानाचा आहे असं म्हणता येत होतं. सात विरुद्ध चार मतांनी तो मंजूर झाला. विरोधातलं एक मत पिर्क्कोचं होतं. तिच्या मते प्रश्न फारच उघड होता.

त्या दिवशी मी दुपारीच दाढी केली. रेडिओवर जायचं होतं, तरी केली. पिर्क्को समोर वही घेऊन बसली. तिकडून खोली आली, थर आला, कळप खणत होता. मी नोंद घेतली. मग मंजूर झालेलं वाक्य समोर धरून वाचलं.

"निरीक्षकाला थंडी वाजते का?"

वारा ऐकू आला. दोन्ही गावांत, मला नंतर सांगितलं, चुलीवरची भांडी लोकांनी बाजूला घेतली होती.

"वाजते," अश्लेषा फिनिशमध्ये म्हणाली. ठरलेलं उत्तर तेवढंच होतं. मग, अगदी हळू, ठरावात नसलेल्या भाषेत ती म्हणाली, "लई."

पिर्क्कोचं पेन थांबलं. तिने वर पाहिलं.

"हे काय आहे?"

"एकक आहे," मी म्हणालो. "त्यांच्याकडचं."

"मोठं?"

"सगळ्यात मोठं."

पिर्क्कोने माझ्याकडे बराच वेळ बघितलं. मग वही ओढली, थंडीच्या रकान्यात फिनिश अक्षरांत 'लई' लिहिलं, आणि त्यावर कचेरीचा शिक्का मारला.